तळघर ठरवते वाइनचे वय

इटलीच्या वायव्येला पीडमाँट प्रांत आहे. तेथील लांगे टेकड्यांवर पिकणाऱ्या नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासून ‘बारोलो’ ही लाल वाइन तयार होते. द्राक्षतोडणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून मोजून किमान ३८ महिने मुरवल्याखेरीज ती बाजारात आणता येत नाही आणि त्यांपैकी १८ महिने ती लाकडी पिंपात असावी लागते, असा नियम आहे. नावापुढे ‘रिझेर्व्हा’ असे लावायचे असेल, तर ही मुदत ६२ महिन्यांवर जाते. टस्कनीतील मोन्ताल्चिनो गावच्या ‘ब्रुनेल्लो’चा दंडक आणखी कडक. सान्जोवेझे द्राक्षांची ही वाइन तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाचा १ जानेवारी उजाडेपर्यंत विकताच येत नाही. द्राक्षाची जात, मळ्याची हद्द, पिंपातील काळ अशा प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली जाते आणि तपासणीही होते.

बाटली ग्राहकाच्या हाती पडली, की मात्र हे सारे नियम संपतात. आणि खरी गंमत अशी, की चांगल्या बारोलोचे किंवा ब्रुनेल्लोचे निम्म्याहून अधिक आयुष्य त्यानंतरच सुरू होते. दहा, पंधरा, प्रसंगी पंचवीस वर्षे ती बाटली कोणाच्या तरी घरात पडून राहते. अपत्याच्या जन्मवर्षाची बाटली घेऊन ती त्याच्या लग्नापर्यंत जपण्याची हौस अनेक घरांत असते. या दीर्घ काळात बाटलीवर देखरेख करणारे कोणी नसते. तिचे बरेवाईट ठरवते ती फक्त तिच्या भोवतालची हवा. त्यामुळे वाइन कोणाच्या मळ्यातली, या प्रश्नाइतकाच ती कोणाच्या तळघरातली, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

सहा महिने की दोन वर्षे?

घरातील साठवणीने नेमका किती फरक पडतो, याचे उत्तर इटलीतच शोधले गेले. त्रेन्तिनो भागातील सान मिकेले आल्लादिजे येथे एडमंड माख प्रतिष्ठानची संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी सान्जोवेझे द्राक्षांच्या लाल वाइनच्या बाटल्या घेतल्या आणि त्यांचे दोन गट केले. एक गट १५ ते १७ अंश सेल्सिअस तापमानाच्या व्यावसायिक तळघरात ठेवला. दुसरा गट सर्वसाधारण घरात असते तशा, म्हणजे ऋतुमानानुसार २० ते २७ अंशांमध्ये खालीवर होणाऱ्या तापमानात ठेवला. दोन वर्षे ठराविक अंतराने बाटल्या उघडून त्यांतील शेकडो रासायनिक घटकांची मोजदाद करण्यात आली. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. घरातील वाइन तळघरातील वाइनपेक्षा सुमारे चौपट वेगाने वयस्क होत होती. तळघरात दोन वर्षांत जेवढे रासायनिक वय वाढते, तेवढे घरात साधारण सहा महिन्यांतच वाढले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. २७ अंश म्हणजे काही भट्टी नव्हे. माणसाला ते तापमान सुखावह वाटते. परंतु माणसाला जे सुखावह, ते वाइनला सुखावह असतेच असे नाही.

बाटलीत काय घडते?

मराठीतील ‘मुरणे’ हे क्रियापद या प्रक्रियेला चपखल बसते. लोणचे मुरते म्हणजे ते केवळ जुने होत नाही. त्यातील मीठ, आंबटपणा, मसाला आणि फोड एकमेकांत उतरतात आणि त्यातून मुळात नसलेली एक चव तयार होते. लाल वाइनचेही तसेच असते. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये आणि सालीतून आलेली अँथोसायनिन ही रंगद्रव्ये बाटलीत हळूहळू एकमेकांशी जोडली जातात. त्यांच्या साखळ्या तयार होतात. जिभेला खरखरणारा तुरटपणा मवाळ होतो. काही साखळ्या वाढता वाढता इतक्या जड होतात, की त्या तळाशी बसतात. हाच जुन्या बाटलीतला साका. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि त्याच्या जागी वाळलेली गुलाबपाकळी, चामडे, तंबाखू, ओली माती अशा गंधांची जाणीव होऊ लागते. उत्तम मुरलेल्या बारोलोची ओळख याच गंधांनी पटते.

या घडामोडीत प्राणवायूचाही वाटा असतो. नैसर्गिक बुचातून वर्षाकाठी मिलिग्रॅममध्ये मोजावी लागेल एवढीच हवा आत शिरते. ती तेवढीच असली तर उपकारक ठरते. तिच्या अतिरेकापासून वाइनचे रक्षण करण्यासाठी उत्पादकाने अल्प प्रमाणात गंधकाचा डायऑक्साइड मिसळलेला असतो. हे त्या बाटलीचे चिलखतच म्हणता येईल. त्रेन्तिनोतील अभ्यासात घरात ठेवलेल्या वाइनमध्ये हे चिलखत झपाट्याने झिजताना दिसले. उबेमुळे गंधकाचा डायऑक्साइड टॅनिन गटातील द्रव्यांशीच संयोग पावत होता. एकदा तो असा गुंतून पडला, की येणाऱ्या प्राणवायूला अडवायला फारसे काही शिल्लक राहत नाही.

वेग वाढतो, पण सारखा नाही

उबदार जागी वाइन चौपट वेगाने वयस्क होत असेल, तर वीस वर्षांऐवजी पाच वर्षांतच मुरलेली वाइन मिळेल, मग बिघडले कुठे, असे कोणाच्याही मनात येईल. दुर्दैवाने हिशेब इतका सरळ नाही. बाटलीत एकाच वेळी अनेक रासायनिक क्रिया चालू असतात आणि तापमानवाढीचा परिणाम त्या सर्वांवर सारखा होत नाही. काही क्रिया किंचित वेग घेतात, काही कितीतरी पट उसळतात. फळांचा गंध देणारी एस्टर द्रव्ये उबेत लवकर विघटित होतात. तेवढ्या वेळात तुरटपणा मवाळ होण्याचे काम मात्र त्याच प्रमाणात पुढे गेलेले असेलच, असे नाही. परिणामी फळाचा वास हरपलेला, शिजवलेल्या मनुकांसारखा गंध आलेला आणि तरीही तोंड आवळणारा तुरटपणा कायम राहिलेला, असा विजोड प्रकार हाती येतो. अशी वाइन म्हातारी झालेली असते, पण मुरलेली नसते.

इटलीच्या थोर लाल वाइनना हा धोका विशेष आहे, कारण त्या मुळातच तुरट आणि आम्लयुक्त असतात. नेब्बिओलोची तरुण वाइन रंगाने फिकी, पण टॅनिनने कडक असते. तिला वेळ हवा असतो तो याच टॅनिनसाठी. शिवाय तिच्या रंगद्रव्यांत चटकन ऑक्सिडीकरण होणाऱ्या प्रकारांचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे नीट सांभाळलेली बारोलोही लवकरच कडेने विटकरी-नारिंगी दिसू लागते. याचा एक विचित्र परिणाम होतो. उन्हाळ्यामागून उन्हाळे सोसलेली बारोलो आणि थंड तळघरात शांतपणे वाढलेली बारोलो पेल्यात ओतल्यावर रंगाने फारशा वेगळ्या वाटत नाहीत. फरक कळतो तो वासाला आणि जिभेला. तोवर बाटली उघडलेली असते.

जमिनीखालचा संथ ऋतू

इटलीतील जुन्या शेतकऱ्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, पण उपाय ठाऊक होता. पीडमाँटमधील मोन्फेर्रातो भागात घरांच्या खाली ‘इन्फेर्नोत’ नावाच्या लहान खोल्या आढळतात. तेथील ‘पिएत्रा दा कान्तोनी’ हा मऊसर दगड कोरून त्या तयार केलेल्या असतात. त्यांना खिडकी नसते, उजेड नसतो. बाटल्या ठेवण्याचे कप्पेही त्याच दगडात कोरलेले. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली, की घरचीच माणसे हे खोदकाम करीत. या खोल्यांत वाइन तयार होत नसे, तर घरातल्या निवडक बाटल्या तेथे जपल्या जात. लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो येथील द्राक्षमळ्यांच्या परिसराचा २०१४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात ‘इन्फेर्नोतचे मोन्फेर्रातो’ हा स्वतंत्र घटक आहे.

या खोल्यांचे गुपित जमिनीच्या स्वभावात आहे. दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार जमिनीत जेमतेम अर्धा-एक मीटर खोलवर पोहोचतो. त्याखाली जाणवतो तो केवळ ऋतूंचा बदल, आणि तोही मंदावत जातो. तीन-चार मीटर खोलीवर उन्हाळ्याची ऊब पोहोचायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणजे वर जुलै-ऑगस्टचे ऊन तापत असताना खाली वसंतातला गारवा असतो आणि तळघराचा ‘उन्हाळा’ येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, तोही अगदी सौम्य होऊन. आणखी खोल गेल्यास तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीपाशी जवळजवळ स्थिरावते. पीडमाँटच्या द्राक्षप्रदेशात ही सरासरी १२ ते १३ अंशांच्या आसपास आहे. वाइन मुरवण्यासाठी १२ ते १४ अंश हे तापमान आदर्श मानले जाते, तो योगायोग नाही. युरोपातील तळघरांत पिढ्यान्पिढ्या जे तापमान मिळत गेले, तेच पुढे मापदंड बनले. फ्लॉरेन्समध्ये वार्षिक सरासरी १५ अंशांच्या घरात आहे, तर सिसिलीतील पालेर्मोत ती १८ अंशांपर्यंत जाते. त्यामुळे दक्षिणेकडे केवळ खोदकाम पुरेसे ठरत नाही.

एकाच तळघरात बाटल्या न हलवता ठेवल्यास काय साधते, याचे प्रसिद्ध उदाहरण मोन्ताल्चिनोचे आहे. तेथील ‘इल ग्रेप्पो’ या बिओंदी-सान्ती घराण्याच्या वाडीत १८८८ आणि १८९१ या वर्षांच्या ब्रुनेल्लोच्या बाटल्या जपून ठेवण्यात आल्या. कितीही चांगले बूच असले, तरी दशकांनंतर बाटलीतील पातळी थोडी खाली येतेच. म्हणून १९२७ साली या बाटल्या उघडून, त्यांत त्याच वर्षाची वाइन भरून त्यांना नवी बुचे लावण्यात आली. पुढे ही त्या घराण्याची परंपराच झाली. ब्रुनेल्लो शतकभर टिकू शकते, हा लौकिक या बाटल्यांमुळेच निर्माण झाला. त्यात द्राक्षांचे श्रेय आहे, तसेच त्या तळघराचेही आहे.

बुचाचा श्वास

तापमान किती आहे, याबरोबरच ते किती वेळा बदलते, हेही पाहावे लागते. तापमान १० अंशांनी वाढले, की ७५० मिलिलीटरच्या बाटलीतील वाइन साधारण दोन मिलिलीटरने फुगते. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण बुचाखालची मोकळी जागाच मुळात थोडक्या मिलिलीटरची असते. तिच्यातील हवा दाबली जाते आणि बुचावर आतून रेटा येतो. तापमान उतरले, की वाइन आकसते, पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ऋतूंनुसार अतिशय संथपणे होणारा बदल बूच सहन करते. स्वयंपाकघरातील फळीवर मात्र रोज हाच खेळ चालतो. कालांतराने बुचाची पकड सैल होते, कडेने वाइन झिरपते आणि हवेचा शिरकाव वाढतो.

म्हणूनच जुन्या बाटल्यांचा लिलाव करणाऱ्या संस्था बाटलीतील वाइनची पातळी आवर्जून नोंदवतात. पंधरा वर्षांच्या बाटलीत पातळी मानेच्या खाली गेली असेल, बूच वर उचकलेले असेल किंवा वेष्टनाखाली चिकट डाग असेल, तर ती बाटली कधीतरी तापली आहे, असे समजण्यास हरकत नाही. उलट, ही लक्षणे नसली म्हणजे बाटली सुरक्षित आहे, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. काही आठवड्यांची ऊब बुचावर खूण न ठेवताही आत आपले काम करून जाते. नंतर बाटली कितीही थंड ठेवली, तरी झालेला बदल मागे फिरत नाही.

ओल, उजेड आणि वास

आर्द्रता साधारण ६० ते ७५ टक्के असावी, असे सांगितले जाते. हवा फार कोरडी असल्यास बुचाचे बाहेरचे टोक सुकून आकसते. बाटली आडवी ठेवण्याचे कारणही हेच. वाइनचा स्पर्श राहिल्याने बूच आतून ओलसर राहते. अतिआर्द्रतेने वाइनचे सहसा बिघडत नाही. खराब होतात त्या चिठ्ठ्या. बुचाच्या बाहेरच्या टोकावर धरलेली बुरशी पुसून टाकली, की काम भागते.

उजेड, विशेषतः सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, वाइनमध्ये गंधकाचे उग्र दर्प निर्माण करू शकतात. लाल वाइनमधील टॅनिन आणि गडद काच यांमुळे तिला पांढऱ्या वाइनपेक्षा अधिक संरक्षण लाभते. तथापि दिवाणखान्यातील उघड्या मांडणीवर वर्षानुवर्षे सजवून ठेवलेली बाटली शोभेपुरतीच उरते. सततच्या हादऱ्यांनी साका ढवळला जातो. मात्र उष्णतेच्या मानाने हादऱ्यांचा उपद्रव दुय्यम आहे.

तळघराच्या स्वच्छतेबाबतची एक चूक मात्र महागात पडते. क्लोरीनयुक्त द्रावणाने फरशी किंवा लाकडी मांडण्या धुतल्यास क्लोरीनपासून तयार होणाऱ्या संयुगांवर बुरशी वाढून ट्रायक्लोरोअॅनिसोल हे द्रव्य निर्माण होऊ शकते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येणाऱ्या ‘बूच लागलेल्या’ वाइनला मुख्यत्वे हेच द्रव्य जबाबदार असते आणि ते अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवते. रंगाचे डबे, रॉकेल, कांदे-लसूण यांचीही जागा वाइनच्या शेजारी नव्हे.

आजच्या घरात

इटलीतही आता प्रत्येकाच्या घराखाली इन्फेर्नोत नाही. शहरांतील बहुमजली इमारतींत सदनिकेबरोबर तळमजल्याखाली एक छोटी खोली मिळते. तिलाही ‘कान्तीना’, म्हणजे तळघरच म्हणतात. परंतु त्याच मजल्यावर इमारतीचा बॉयलर असतो आणि उष्ण पाण्याचे नळ भिंतीलगत जातात. नावाने तळघर आणि तापमानाने दिवाणखाना, अशी अनेक खोल्यांची अवस्था असते. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची तीव्र लाट आली. त्यानंतरही असे उन्हाळे वारंवार येत आहेत. अशा वेळी जमिनीलगतच्या उथळ तळघरांची परीक्षा होते.

जागेची पारख करण्याचा मार्ग सोपा आहे. कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा तापमापक त्या जागी वर्षभर ठेवावा. कमाल तापमान १८ अंशांच्या आत राहिले आणि चढउतार ऋतूंनुसार संथ असला, तर दीर्घकाळ साठवणीचा विचार करता येतो. उन्हाळ्यात पारा २० ते २२ अंशांपर्यंत जात असेल, तर वीस वर्षांचा बेत सोडून सहा-आठ वर्षांत बाटल्या संपवणे शहाणपणाचे. त्याहून अधिक ऊब असल्यास साठवणीचा आग्रह धरू नये. घरातल्या घरात सर्वांत खालची, आतल्या भिंतीलगतची, उत्तरेकडची जागा त्यातल्या त्यात बरी. फ्रिजचा माथा सर्वांत वाईट, कारण तेथे ऊब आणि थरथर दोन्ही असतात.

कोणती वाइन ठेवायची, याचाही विवेक हवा. बारोलो, बार्बारेस्को, ब्रुनेल्लो, कांपानियातील आल्यानिको द्राक्षांची ताउराझी, उंब्रियातील अतितुरट साग्रान्तिनो या वाइन थंड जागी वर्षानुवर्षे वाढतात. कियान्ती क्लासिकोच्या रिझेर्व्हालाही काही वर्षांचा सहवास मानवतो. उलट दोल्चेत्तो, बार्दोलिनो किंवा साधी कियान्ती या वाइन ताजेपणासाठीच बनवलेल्या असतात. त्या उत्तम तळघरातही मुरत नाहीत, केवळ शिळ्या होतात.

मुंबई-पुण्याचा हिशेब

हाच निकष महाराष्ट्राला लावल्यास चित्र स्पष्ट होते. मुंबईचे वार्षिक सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आहे, पुण्याचे सुमारे २५. म्हणजे येथे कितीही खोल तळघर खणले, तरी ते त्रेन्तिनोच्या प्रयोगातील ‘घरा’च्या उन्हाळ्याइतकेच उबदार राहील. जमिनीच्या आधाराने इटालियन वाइन मुरवणे येथे शक्य नाही. त्यासाठी १२ ते १४ अंशांवर चालणारे वाइनचे खास कपाटच हवे आणि वीजपुरवठाही अखंड हवा. घरातील नेहमीचा फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो आणि त्यातील हवा कोरडी असते. तेथे वाइन मुरण्याची गती जवळजवळ थांबते. मात्र काही आठवडे किंवा महिने बाटली सुरक्षित ठेवण्यासाठी तो कपाटातील उबेपेक्षा केव्हाही चांगला. परदेशातून हौसेने आणलेली बारोलो एखाद्या खास प्रसंगासाठी माळ्यावर जपून ठेवणे, हा मात्र तिला गमावण्याचा हमखास मार्ग आहे.

ज्यांच्याकडे योग्य जागा आहे, त्यांनी एकाच वाइनच्या तीन-चार बाटल्या घेऊन काही वर्षांच्या अंतराने एकेक उघडावी, असा जाणकारांचा सल्ला असतो. तळघर नीट काम करीत आहे की नाही, हे त्यातून कळते आणि उरलेल्या बाटल्या कधी उघडाव्यात, याचा अंदाज येतो. जुनी बाटली उघडण्यापूर्वी एक-दोन दिवस उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. मग ती न हिंदकळता संथ धारेने दुसऱ्या पात्रात ओतावी.

बाटलीवरील चिठ्ठी मळा सांगते, द्राक्ष सांगते, वर्ष सांगते. त्यानंतरची वर्षे बाटलीने कोठे काढली, हे ती सांगत नाही. जुनी इटालियन वाइन विकत घेताना किमतीच्या आधी हाच प्रश्न विचारायला हवा. नवी घेताना तो स्वतःच्या घराला विचारायला हवा.